आत्याचा रेडिओ आणि आतोबांचा अबोला

रेडिओ केंद्र आमच्या गावात आलं तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. शेवटी बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्याचा वरचा मजला त्याच्या वाट्याला आला. खालच्या मजल्यावर यंत्रं गंजत पडलेली, जिन्यात लोकरीचा वास, आणि निवेदक बातम्या वाचता वाचता मधेच शिंकायचे. लोक त्याला रेडिओ केंद्र म्हणायचेच नाहीत. "मोज्यांवर काय लागलंय आज?" असं विचारायचे.

ही हकिकत माझ्या आत्याची. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आत्यानं ती मला कितीदा तरी सांगितली आणि आईनंही सांगितली. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडतो तिथे मी आत्याचं धरून चाललेय. ते खरं असेलच असं नाही, पण ते जास्त रंगतं.

आत्या गादीवाल्याची बायको. कारखान्याच्या बरोब्बर समोर, गल्लीच्या पलीकडच्या अंगाला आतोबांचं गाद्यांचं दुकान होतं. आतोबा कापूस पिंजायचे, आत्या खोळी शिवायची. आतोबांच्या तोंडून दिवसभरात जितके शब्द निघत तितके आत्या एका गादीच्या टाक्यांत संपवायची. तिच्या बोलण्याला आतोबा "हं" म्हणायचे. त्या "हं"चे अनेक प्रकार होते आणि आत्याला ते सगळे ओळखता यायचे.

कारखान्याच्या त्या मोठ्या खोलीत आवाज घुमायचा. माणूस "नमस्कार" म्हणाला की नमस्कार चारही कोपऱ्यांत फिरून परत यायचा. बाहेरून खास सामान मागवलं होतं, ते काही येईना. तेव्हा केंद्रप्रमुख गल्ली ओलांडून आतोबांच्या दुकानात आले. उंच, बारीक, कायम घड्याळाकडे बघणारा माणूस. त्यांनी सांगितलं, "भिंतींना लावायला गाद्या हव्यात."

आतोबा म्हणाले, "हं?"

आत्या म्हणाली, "का हो साहेब, भिंतींना झोप येत नाही का?"

तरी कामाला लागले दोघं. आत्या स्टुलावर चढून, हातात दाभण घेऊन, दोन गाद्यांमधले सांधे भिंतीवरच टाचायची. आतोबा खालून गादी तोलून धरायचे. तिकडे काचेपलीकडच्या खोलीत इंजिनिअरची चाचणी चाललेली. कानांवरचे हेडफोन तो जेवतानाही काढत नसे, म्हणून गावानं त्याचं नावच हेडफोन ठेवलं होतं. गावात मोजकेच रेडिओ होते. एक न्हाव्याकडे, एक लाँड्रीत, बाकी चार बऱ्या घरांतून. तिथं लोक जमून ती चाचणी ऐकायचे. चाचणी म्हणजे नुसताच "कूंऽऽ" असा एक सूर. पण तो आपल्या गावचा कूं, म्हणून लोक माना डोलवायचे.

त्या दिवशी हेडफोननं सूर बंद केला आणि चहा प्यायला गेला. माइक बंद करायचा राहिला. माइक चालू असला की पेटणारा लाल दिवा अजून बसवायचा होता. आत्याला काय माहीत! तिचा पट्टा सुरूच.

"धरा ना नीट, अहो. वर. आणखी वर. हा साहेब बघितलात? घड्याळ बघितल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही. आणि ते निवेदक! केवढा मखमली आवाज! काल जिन्यात पाय घसरला तर 'आई गं'सुद्धा मखमलीतच म्हणाले. आमच्या भावजयीनं नवे पडदे शिवलेत, बघायला जा एकदा. एक वर, एक खाली. लांबून बघितलं की खिडकी डोळा मारतेय असं वाटतं."

आतोबा म्हणाले, "हळू बोल. कुणी ऐकेल."

"कोण ऐकतंय इथं? भिंतींना गाद्या लावल्यात आपण."

ती भावजय म्हणजे माझी आई. ती त्या वेळी लाँड्रीत कपडे घ्यायला उभी होती. सगळी लाँड्री आधी रेडिओकडे आणि मग तिच्याकडे बघायला लागली. आई सांगते की ती ताठ मानेनं घरी गेली. आत्या सांगते की ती घरी गेली आणि पहिल्यांदा पडदे मोजले.

केंद्रप्रमुखांना हे कळलं तेव्हा ते पांढरेफटक पडले. आता तक्रारी येणार म्हणून ते दारातच उभे राहिले. लोक आलेही. न्हावी आला, लाँड्रीवाला आला, शाळेतल्या दोन बाई आल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच: "त्या बाई परत कधी लागणार?"

मग थाटात उद्‌घाटन झालं. भाषणं झाली. मखमली निवेदकांनी केंद्राची उद्दिष्टं वाचून दाखवली. न्हाव्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर झोपी गेलं. महिनाभर हे असंच चाललं, आणि एक दिवस केंद्रप्रमुख पुन्हा गल्ली ओलांडून दुकानात आले. या वेळी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"दुपारी गृहिणींसाठी कार्यक्रम सुरू करतोय. 'घर आणि आपण.' तुम्ही आधी लिहून आणायचं, मी ते तपासणार, मग तुम्ही तेवढंच वाचायचं."

"मग मी बोलायचं कधी?" आत्यानं विचारलं.

आतोबा म्हणाले, "हं." हा "हं" काळजीचा होता.

पहिल्या दिवशी विषय होता पितळेची भांडी. आत्यानं दोन वाक्यं कागदावरची वाचली, मग कागद बाजूला सारला आणि म्हणाली, "हे तुम्हाला माहीतच आहे. आता मी बघितलेली गंमत सांगते." काचेपलीकडे केंद्रप्रमुख हातवारे करत होते. आत्यानंही त्यांना हात हलवून दाखवला. तिला वाटलं, साहेब कौतुक करतायत. निदान ती तसं सांगायची.

मग नियम निघाला: कार्यक्रमात कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आत्यानं तो काटेकोर पाळला. ती म्हणायची, "एक दूधवाला आहे, नाव घेत नाही, पण त्याच्या दुधात परवा मला माझं तोंड दिसलं." दुसऱ्या दिवशी दूध एकदम दाट. "एक न्हावी आहे, बोलण्याच्या भरात तो डाव्या बाजूचे केस जास्त कापतो." आठवडाभर गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या "डावीकडे जपून हं" म्हणायची. न्हावी चिडला, पण रेडिओ त्याच्याच दुकानात असल्यामुळे गर्दीही त्याच्याकडेच वाढली, म्हणून गप्प बसला. केंद्रप्रमुख रोज म्हणायचे, "हे शेवटचं." आणि रोज दुपारी दार लावून स्वतः ऐकायचे. हे आत्याला हेडफोननं सांगितलं.

आणि मग आला झोपेचा विषय. "शांत झोप आणि आरोग्य," असं कागदावर ठळक लिहिलेलं.

आत्या म्हणाली, "शांत झोप कशी असते ते मला ठाऊक नाही. मी गादीवाल्याच्या घरात राहते. चांगला कापूस गिऱ्हाइकाला, आणि उरलेल्या गाठी आमच्या गादीत. मला रात्रभर त्या टोचतात. यजमानांना टोचत नाहीत. त्यांना झोप लागते ती अशी." आणि तिनं माइकसमोर आतोबांचं घोरणं काढलं.

आधी शिट्टी. मग लांब चढण, मधेच एकदम शांतता, जीव राहिला की गेला असं वाटावं इतकी. मग दगडांची गाडी उतारावरून सुटल्यासारखा तो शेवट. हेडफोनच्या यंत्राचा काटा लाल रंगात गेला आणि तिथंच थरथरत राहिला. लाँड्रीवाल्याची इस्त्री एका शर्टावर विसरली गेली. सगळं गाव हसून लोळलं.

एक माणूस सोडून. तो समोरच्या दुकानात, हातातला कापूस तसाच धरून बसला होता.

त्यानंतर चार दिवस जो तो दुकानात यायचा आणि गादीचा भाव विचारायच्या आधी घोरून दाखवायचा. आतोबांनी ते सहन केलं. पण आत्याशी बोलणं बंद केलं. आधीच थोडं बोलणारा माणूस. त्यानं बोलणं बंद केलंय हे आत्याच्या ध्यानात यायलाच दीड दिवस लागला. "हं"सुद्धा येईना, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

अगदीच गरज पडली तर आतोबा दाराशी बोलायचे. "दारा, मी जेवून घेतलंय." "दारा, उद्या मला लवकर उठायचंय."

आई मध्यस्थी करायला गेली. (पडद्यांचं ती विसरली नव्हती, पण ही संधी तिला सोडवेना.) म्हणाली, "वन्सं, माफी मागून टाका. चुकलं म्हणावं."

"कशाची माफी? घोरतात हे खोटंय का? तू ऐकलंस ना?"

"अहो, सगळ्या गावानं ऐकलं. तोच तर घोटाळा आहे."

आत्या हट्टी. तिनं माफी मागितली नाही. पण बोलल्याशिवाय तिला राहवेना, आणि घरात ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. मग ती रेडिओवरूनच आतोबांशी बोलायला लागली. त्यांच्या दुकानात रेडिओ नव्हता, पण शेजारच्या लाँड्रीतला दणदणीत ऐकू यायचा, हे तिला पक्कं माहीत होतं.

"आजचा विषय, स्वयंपाकघरातली स्वच्छता. त्याआधी एक सूचना. ज्यांना सकाळपासून चष्मा सापडत नाहीये, त्यांनी शर्टाचा वरचा खिसा बघावा."

त्या दुपारी गावातल्या एकूण एक चष्मेवाल्या पुरुषाचा हात खिशाकडे गेला. दोघातिघांना खरंच सापडला. आतोबांनाही.

"ज्यांनी आज छत्री नेली नाही त्यांनी आभाळाकडे बघावं." गावानं छत्र्या काढल्या. "ज्यांना काल जेवणात मीठ जास्त लागलं, त्यांनी तसं सांगावं; ताट नुसतं सरकवून देऊ नये." त्या संध्याकाळी म्हणे घराघरांत नवरे काहीबाही बोलले. गावात दोन तट पडले. न्हाव्याकडे आतोबांची बाजू, लाँड्रीत आत्याची. लोक आतोबांना रस्त्यात थांबवून सांगायचे, "बोला की आता, दादा." आतोबा चष्मा पुसायचे आणि निघून जायचे.

अशात एक दिवस निरोप आला की मुख्य केंद्रातले मोठे साहेब पाहणीला येतायत. गावाचं केंद्र चालू ठेवायचं, की इथून नुसता मुख्य केंद्राचाच कार्यक्रम ऐकवायचा, हे तेच ठरवणार होते. केंद्रप्रमुखांची पाचावर धारण बसली. ते आत्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"बाई, एक दिवस. फक्त एक दिवस कागदावरचं वाचा. लोकरीच्या कपड्यांची निगा. दुसरं काही नको."

आत्याला त्यांची दया आली. "वाचीन," ती म्हणाली. आणि गंमत म्हणजे तिनं शब्द पाळला.

मोठे साहेब आले. गोल, घामेजलेले, जिना चढून दमलेले. गाद्यांच्या त्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "काय हो हे? गुदमरायला होतंय." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी एकुलत्या एक खिडकीवरची गादी बाजूला सारून खिडकी सताड उघडली. हेडफोन जागच्या जागी तडफडला. पण साहेबांना कोण सांगणार? लाल दिवा पेटला. साहेब खिडकीशी खुर्ची टाकून बसले.

आत्या वाचायला लागली. "लोकरीचे कपडे कोमट पाण्यात भिजवावेत. ते पिळू नयेत. ते सावलीत वाळवावेत." एकेक शब्द सरळ रेषेत, शाळेतल्या पाढ्यांसारखा. केंद्रप्रमुखांच्या जिवात जीव आला.

लाँड्रीत मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "बाईंना बरं नाही का?" शेजारच्या दुकानात आतोबांचा हात थांबला होता. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला एवढं सरळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्यामुळे हिच्यावर काहीतरी बालंट आलंय. कुणीतरी हिला दमात घेतलंय. हे त्यांनी पुढे आईला सांगितलं, तेही ती खोदखोदून विचारत होती म्हणून.

आता कापूस पिंजायची धनुकली म्हणजे साधी वस्तू नव्हे. माणसाएवढी काठी, तिच्यावर ताणलेली तात, आणि तातेवर लाकडी मुठीचा ठोका. तो आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जातो. आतोबा धनुकली घेऊन दुकानाबाहेर आले, रस्त्याच्या मधोमध, खिडकीखाली उभे राहिले आणि त्यांनी एक ठोका दिला.

टंग.

आत्या "इस्त्री करताना" इथं थांबली. केंद्रप्रमुखांनी डोळे मिटले.

टंग.

"कोण आहे?" आत्या म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

टंग.

"चष्मा सापडला होता का?"

टंग.

"मग तसं सांगायचं नाही? तोंडात काय गुळणी धरलीय?"

टंग टंग.

"घोरणं काढलं म्हणून एवढा राग?"

या वेळी ठोका असा बसला की तात कितीतरी वेळ घुमत राहिली. टंऽऽऽग. हेडफोन यंत्राच्या मागे पालथा पडून बिघाड शोधत होता. त्याला अजून वाटत होतं की एखादी तार सुटलीय.

खाली गल्ली भरली. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून आला आणि त्याच्या मागून गिऱ्हाईकही आलं. आई खांबाला टेकून उभी होती. मोठे साहेब खुर्चीतून उठून खिडकीबाहेर वाकले होते.

"मग मी काय करू?" आत्यानं विचारलं. "माफी मागू का?"

टंग! टंग! टंग!

गल्लीत हशा पिकला आणि तो सगळा हशा खिडकीतून आत येऊन प्रक्षेपित झाला. आत्या मात्र हसली नाही. गप्प राहिली. ती इतका वेळ गप्प राहिलेली गावानं कधी ऐकली नव्हती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बरं. चुकलं माझं. घरातलं घरात ठेवायला हवं होतं. तुम्हाला लोक हसले ते मला नाही आवडलं. मनापासून माफी मागते."

खाली सगळ्या गल्लीनं आतोबांकडे बघितलं.

"पण अहो," आत्या म्हणाली, "घोरता, हे खरं आहे."

आई खांबाला घट्ट धरून उभी राहिली. आतोबांनी मान खाली घातली. मूठ उचलली, थोडी थांबवली. आणि मग अगदी हलका, कापसाच्या पेळूला लागावा तसा, एकच ठोका आला.

टंग.

लाँड्रीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. न्हाव्यानंसुद्धा वाजवल्या, विरुद्ध पक्षाचा असून.

आत्यानं कागद उचलला, "इस्त्री करताना वर ओलं फडकं ठेवावं, नमस्कार," असं एका दमात म्हणाली, आणि लाल दिवा विझला.

मोठे साहेब खिडकीतून आत वळले. चेहरा गंभीर. "हे वाद्य कोणतं?" त्यांनी विचारलं.

"स्थानिक आहे, साहेब," केंद्रप्रमुख म्हणाले.

"आणि ही नाटिका बसवली कुणी?"

नाटिका! केंद्रप्रमुख आयुष्यात पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलले. "आम्हीच, साहेब. प्रयोग म्हणून."

"उत्तम. पुरुषपात्राला एकही शब्द न देता एवढं काम! हे दर आठवड्याला करा."

अशा रीतीनं गावाचं केंद्र वाचलं.

संध्याकाळी आतोबा घरी आले. उंबऱ्यात थांबले आणि सवयीनं म्हणाले, "दारा…" मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "अगं," ते म्हणाले, "लोकरीचे कपडे पिळू नयेत, हे खरं का?"

"मला काय ठाऊक!" आत्या म्हणाली. "साहेबांनी लिहिलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी आतोबांनी नवा, चांगला कापूस पिंजून घरासाठी गादी केली. त्या गादीवर आत्याला शांत झोप लागायला लागली. घोरणं होतंच. पण आता ती त्याबद्दल फक्त घरात बोलायची.

मोठ्या साहेबांचा हुकूम, तेव्हा आतोबांना स्टुडिओत येणं भागच पडलं. लाल दिवा पेटला की त्यांचे हातपाय गार पडायचे. बोलायचा प्रश्नच नव्हता. आठवड्यातून एकदा आत्या बडबडायची आणि आतोबा धनुकलीनं उत्तर द्यायचे. गावातल्या बायका नवऱ्यांना म्हणायच्या, "निदान टंग तरी करा!" एकदा आईलाही पाहुणी म्हणून बोलावलं. तिनं पडद्यांचा विषय काढला आणि सगळ्या गावाला सांगितलं की पडदे सरळ होते, खिडकीच तिरपी होती, आणि ती खिडकी वन्संच्या भावानं बसवली होती. वन्संचा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते न्हाव्याकडे बसले होते. त्या दिवसापासून बाबांनी दाढी घरी करायला सुरुवात केली.

पुढे बऱ्याच वर्षांनी केंद्रावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र आलं. तोवर सगळं थेट जायचं. बोललेलं हवेत विरून जायचं. हेडफोन आता म्हातारा झाला होता. हौसेनं त्यानं आत्याचा कार्यक्रम फितीवर घेतला आणि तिला नि आतोबांना ऐकवायला बसवलं. आत्यानं स्वतःचा आवाज कधीच ऐकला नव्हता. ती लक्ष देऊन ऐकायला लागली. थोड्या वेळानं तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही बाई कोण?" तिनं विचारलं.

"तुम्हीच, बाई," हेडफोन म्हणाला.

"मी? काहीतरीच! किती बोलते ही! समोरच्याला श्वास घ्यायला तरी फुरसत देते का?" ती आतोबांकडे वळली. "अहो, मी अशी बोलते?"

आतोबांच्या हातात त्या वेळी धनुकली नव्हती. त्यांनी टेबलाकडे बघितलं, तिथला चहाचा रिकामा कप जवळ ओढला आणि चमचा हातात घेतला.

"नको!" आत्या म्हणाली. "राहू दे. कळलं."

मग तिनं हेडफोनला ती फीत पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.